चेंबरचे स्पेलिंग

सोमवार, ७ ऑक्टोबर

आज कोल्ड स्टोरेजमध्ये नेटवर्कच्या कामाला शिकाऊ म्हणून लागलो. मामा तिथे वॉचमन आहे. त्याने शब्द टाकला म्हणून लागलो, नाहीतर दहावी पास आणि डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षात आपटलेल्या मुलाला कोण उभे करतो? शुद्धलेखन सोडले तर शाळेत माझे कशातच नाव नव्हते.

ज्यांच्या हाताखाली आहे त्यांना सगळे नुसते मॅडम म्हणतात. पंचेचाळिशीच्या असतील. कमरेला पक्कड आणि कात्री, कानामागे पेन्सिल. इमारतीतली प्रत्येक तार कुठून निघते आणि कुठे जाते हे त्यांना तोंडपाठ आहे. पहिल्याच तासाला त्यांनी मला एक वही दिली. "जे करशील ते इथे लिहायचं. तारीख, वेळ, आधी काय होतं, तू काय केलंस. काम चुकलं तरी चालेल, लिहिणं चुकवायचं नाही."

घरी येऊन मी त्या वहीच्या सगळ्या पानांना आकडे घातले, एक ते शहाण्णव. ती कामाची वही. ही दुसरी माझी, हिला आकडे नाहीत.

मी मामा-मामींकडेच राहतो. जेवताना मामाने विचारले, "काय पंतोजी, शाळा कशी काय?" मामी म्हणाली, "त्याला नीट जेवू तरी दे, तारा खाऊन आलाय तो."

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज तारेला टोक बसवायला शिकलो. एका केबलमध्ये आठ बारीक तारा असतात: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. ह्याच क्रमाने त्या टोकात सरकवायच्या आणि पक्कड दाबायची. एकदा दाबली की चूक परत घेता येत नाही, टोक कापूनच टाकावे लागते. माझी नऊ टोके वाया गेली. दहाव्याला टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले तेव्हा मी हसलो.

मॅडम म्हणाल्या, "दिवे लागले म्हणजे तारा जुळल्या एवढंच. पलीकडे कोणी बोलतंय का, ते वेगळं."

हे वाक्य मला फार आवडले, म्हणून इथे लिहिले.

शनिवार, १२ ऑक्टोबर

प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, आकड्यांचा. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून वर नाव ठेवायचे. यंत्र जिवंत आहे की नाही हे पाहायचे तर त्याला हाक मारायची. ओ आली तर आहे. ह्याला पिंग म्हणतात. मी आज एकोणचाळीस यंत्रांना हाका मारल्या. सगळ्यांनी ओ दिली. घरी मामीला तीनदा हाक मारली तेव्हा एकदा दिली.

आमच्याकडे सहा चेंबर आहेत, म्हणजे सहा थंड खोल्या. चार नंबरमध्ये जनावरांच्या लशी असतात. त्या दोन ते आठ अंशांमध्येच ठेवाव्या लागतात. प्रत्येक चेंबरमध्ये एक तापमापक आहे, तो नेटवर्कवरून तापमान कळवतो. ते आठच्या वर गेले की फाटकावरच्या केबिनमध्ये भोंगा वाजतो आणि वॉचमन धावतो. भोंगा नव्हता तेव्हा वॉचमनला दर दोन तासांनी फिरून तापमान वहीत लिहावे लागे. आता फक्त ड्यूटी बदलताना एक फेरी. मामा म्हणतो, भोंग्याने त्याचे गुडघे वाचवले.

मामाला तिथे सगळे डुलकीशेठ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एकदा दुपारी खुर्चीत त्याचा डोळा लागला आणि नेमके तेव्हाच मॅनेजर साहेब गाडी घेऊन फाटकावर आले. एकदाच. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज माझ्यामुळे सगळे ऑफिस चार मिनिटे बंद पडले. एका केबलची दोन्ही टोके मी एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या डब्यात, खोचली. त्यामुळे निरोप गल्लीत फिरून परत त्याच दारात येत राहिले, येत राहिले, आणि बाकी कोणाला वाटच उरली नाही. मॅडम धावत आल्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकले. त्यांनी टोक उपटले आणि म्हणाल्या, "सांगितलंस म्हणून चार मिनिटं. न सांगतास तर मी तासभर भिंती चाचपत बसले असते."

कामाच्या वहीत सगळे खरे लिहिले. पान चौदा.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मॅडम दुपारनंतर बहिणीकडे गेल्या, त्या मंगळवारी येणार. जाताना मला त्यांचा पासवर्ड देऊन गेल्या. "केबलवरची लेबलं आणि यादीतली नावं जुळतात का, तेवढं बघून ठेव. आणखी कशाला हात लावू नकोस."

जुळवत असताना एक गोष्ट नजरेस आली. सहाही तापमापकांच्या नावात चेंबरचे स्पेलिंग चुकले आहे. 'सी-एच'नंतर 'ए' हवा, तिथे 'ई' आहे. आपण चेंबर म्हणतो, तसेच मॅडमनी लिहिले असणार. सहा ठिकाणी तीच चूक. मला ते बघवेना. जेवणात खडा लागावा तसे होत होते. मी सहाही नावे दुरुस्त केली. मॅडमना बोलून दाखवणार नाही, त्यांना वाईट वाटेल. आपोआप दिसले तर दिसले.

वहीत मात्र लिहिले, पान सतरा: 'सहा तापमापकांच्या नावांतील स्पेलिंग सुधारले.' समाधान वाटले.

सोमवार, २१ ऑक्टोबर

आज अक्षर खराब येईल.

काल रविवारी मामाची ड्यूटी होती, अकरा ते सात. तो रात्री साडेदहाला घरी आला आणि कोणाशी न बोलता झोपला. सकाळी मामीकडून कळले. काल दुपारी सव्वाच्या सुमाराला चेंबर चारचा ब्रेकर पडला. थंडी बंद झाली. भोंगा वाजला तर मामा बटण वर करायला गेला असता, दोन मिनिटांचे काम. पण तो गेला नाही. सात वाजता दुसरा वॉचमन आला, दोघे फेरीला गेले, तेव्हा आत एकवीस अंश होते. सगळ्या लशी टाकून द्याव्या लागणार.

मामा म्हणतो, भोंगा वाजला नाही. सगळे म्हणतात, डुलकीशेठ झोपले.

मी आठ वाजता कामावर पोचलो. शनिवारी बदललेली सहा नावे डोक्यातून जात नव्हती. संगणक उघडला. भोंग्याची म्हणून वेगळी यादी असते हे मला माहीतच नव्हते. ती उघडली. त्यात सहा नावे हाताने टाइप केलेली होती, सहाही 'ई'ची. म्हणजे भोंगा जुन्या नावाने हाक मारत होता आणि त्या नावाचे तिथे आता कोणी राहत नव्हते. ओ आली नाही. ओ आली नाही तर तो गप्प बसतो.

मामा झोपला नव्हता.

ह्यापुढचे लिहायचे नाही असे ठरवून दोनदा वही बंद केली. पण ही वही तरी खरी असू दे. आठ वाजून दहा मिनिटांनी मी सहाही नावे पुन्हा होती तशी केली. चूक सुधारतो आहे असे मनाला सांगत होतो. मग कामाच्या वहीतले ते पान फाडले, घडी केली आणि खिशात ठेवले.

अकरा वाजता मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवले आणि मामाला मध्ये उभे केले. चेंबर चारच्या तापमापकावर कोमट पाण्याचा फडका ठेवायला सांगितले. अर्ध्या मिनिटात भोंगा वाजला. पत्र्यावरची कबुतरे उडाली. एक हमाल म्हणाला, "ह्याने तर मेलेला उठेल!" सगळे हसले.

मामाने भोंग्याकडे पाहिले. मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाला, "वाजतो की."

साहेबांनी त्याला घरी बसायला सांगितले आहे. काय ते महिनाअखेर ठरवणार.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

मॅडम आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. माझी कामाची वही मागितली. चाळली. सोळाव्या पानावर जरा थांबल्या, पुढचे पान उलटले, परत मागे आल्या. मग वही मिटून दिली. म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं."

"शनिवारी काही विशेष?" असेही विचारले. मी म्हणालो, लेबले जुळवली.

"बरं," म्हणाल्या.

त्यांना काही संशय आला नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

मामाला वाटते आहे की त्याला ऐकू कमी येते. दोन दिवस मामी त्याच्या पाठीमागे उभी राहून डब्यावर चमचा वाजवते. "आला का आवाज?" "आला." "आणि हा?" "अगं, शेजाऱ्यांना पण आला." मामी हसते आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते.

आज त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेले. मी सोबत गेलो, मामीने सांगितले म्हणून. काचेच्या खोलीत त्याच्या कानांवर यंत्र बसवले. आवाज आला की बोट वर करायचे. मामा शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होता. मी बाहेरून पाहत होतो. अगदी बारीक आवाजालाही त्याचे बोट वर जात होते.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वयाच्या मानाने उत्तम कान आहेत. काळजी करू नका."

मामाचा चेहरा उतरला. आनंदाची बातमी ऐकून चेहरा उतरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. परत येताना म्हणाला, "कान चांगले. म्हणजे मग झोपच." आणि थोडे चालून, "तुला तरी माझ्यामुळे तिथे खाली बघावं लागतंय. काय तोंड दाखवणार तू तरी."

मी म्हणालो, "तसं काही नाही मामा." एवढेच म्हणालो.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आज लिहिण्यासारखे काही नाही. हे खोटे आहे. आहे, पण लिहवत नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

मॅडमनी आज लॉग शिकवला. सर्व्हर स्वतःची एक नोंदवही ठेवतो. कोण आले, कोणत्या संगणकावरून आले, किती वाजता, काय बदलले. काही बिघडले की अंदाज करत बसायचे नाही, आधी लॉग वाचायचा. "माणसाला विचारलं तर तो त्याला जे आठवतं ते सांगतो. लॉग जे झालं ते सांगतो." तीस दिवसांनी जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. माझ्या मनात लगेच हिशेब झाला, वीस नोव्हेंबर. मला त्याची लाज वाटली, पण हिशेब झाला तो झालाच.

मग त्यांनी लॉग उघडला, थोडा खाली सरकवला आणि एकदम उठल्या. "चहा घेऊन येते." वीस मिनिटे आल्या नाहीत. मॅडम एवढ्या काटेकोर, पण आज संगणक बंद करायला विसरल्या. पडदा नेमका एकवीस तारखेवर थांबला होता. सकाळी आठ दहा. सहा बदल. समोर माझे नाव नव्हते, मॅडमचे होते. कारण पासवर्ड त्यांचा. संगणक मात्र माझा.

त्या दिवशी त्या गावातच नव्हत्या.

माझे बोट माउसवर होते. त्या ओळी पुसता येतात की नाही हे मला माहीत नाही. मी बोट उचलले आणि हात मांडीखाली घेऊन बसलो. मॅडम परत आल्या, माझ्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले. चहा एकच आणला होता, तो मला दिला.

बरे झाले, त्या अजून तिथपर्यंत पोचल्या नव्हत्या.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

मामा रोज तो रविवार पहिल्यापासून सांगतो. कोणी विचारले नाही तरी. "बाराला टेंपो आला, चावी दिली. साडेबाराला डबा खाल्ला. डबा धुतला. एकाला एक बाई पत्ता विचारायला आली, तिला पुलापलीकडे पाठवलं. मग टॉर्चचे सेल काढून पुसले. मग..." दीडपासून सव्वादोनपर्यंतचे त्याला काही आठवत नाही. तिथे येऊन तो थांबतो. ज्या पाऊण तासात काही झालेच नाही, ते कोणाला आठवणार? मला सांगता आले असते. मी त्या रविवारी दुपारी काय करत होतो हे मलाही आठवत नाही, आणि मी जागा होतो.

मॅनेजर साहेबांचा निरोप आला. मामाने 'मी ड्यूटीवर झोपलो' असे सोमवारी लिहून दिले, तर प्रकरण वाढवणार नाहीत. गुपचूप कामावरून कमी करतील.

शनिवार, २ नोव्हेंबर

संध्याकाळी मामाने मला हाक मारली. टेबलावर कोरा कागद आणि पेन ठेवले होते.

"ये पंतोजी. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आणि ऱ्हस्व-दीर्घाची तर बोंबच. जाताजाता हसं नको. तू लिही, मी सही करतो."

मी म्हणालो, "नको मामा."

"नको काय? तुझ्याइतकं शुद्ध कोण लिहितं घरात? लिही. 'मी रविवारी दुपारी ड्यूटीवर असताना मला झोप लागली.' लिहिलंस?"

लिहिले.

"'झोप केव्हा लागली ते मला आठवत नाही.' हे घाल. उगाच खोटं नको. आठवत नाही म्हणजे लागलीच असणार. जाग्या माणसाला आठवतं."

तेही लिहिले. 'झोप'नंतर मी स्वल्पविराम दिला होता, तो नको होता. मी तो खोडला आणि मग सगळा कागद पुन्हा स्वच्छ लिहून काढला. इतके कोणी करते का? मी केले. मामाने वाचले. "वा. छापल्यासारखं." मग सही केली.

रविवार, ३ नोव्हेंबर

सांगितले.

दुपारी मामी मामाच्या गणवेशाला इस्त्री करत होती, उद्या परत द्यायचा म्हणून. मामा खुर्चीत बसून शर्टाचे सुटलेले बटण शिवत होता. दुसऱ्याला द्यायचा शर्ट, पण बटण सुटलेले कसे द्यायचे, म्हणून. ते बटण पाहून माझ्याने राहवले नाही.

"मामा, तू झोपला नव्हतास."

"तू कुठे होतास बघायला?"

"भोंगा वाजलाच नव्हता. मी शनिवारी तापमापकाचं नाव बदललं होतं."

त्याला कळेना. मी म्हणालो, "समज, घरावरची पाटी बदलली. पोस्टमन जुन्या नावाने हाका मारून परत गेला."

"आणि सोमवारी वाजला तो?"

"सकाळी मी जुनी पाटी परत लावली होती. कोणी यायच्या आधी."

सुई त्याच्या हातात तशीच होती. "एकदाही वाजला नाही?"

"नाही."

"दीड ते सव्वादोन?"

"सात वाजेपर्यंत नाही."

मामा उठला. "अगं ए, ऐकलंस? मी जागा होतो! जागा होतो मी!" आणि हसायला लागला. मांडीवर थाप मारून हसला. मला मिठी मारली. मला तो मारेल असे वाटले होते, त्याची मी तयारी केली होती. ह्याची नव्हती.

मामी हसली नाही. तिने इस्त्रीचे बटण बंद केले. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून."

"कुठल्या सोमवारपासून?"

"एकवीस तारखेच्या."

तिने बोटांवर मोजले. मग म्हणाली, "कानाच्या डॉक्टरकडे तू सोबत आला होतास."

मामाचे हसू थांबले. त्याने सुई शर्टाला टोचून ठेवली. मग तोच म्हणाला, "जाऊ दे. ऑफिसात बोलू नकोस. तुझं सगळं पुढे आहे, माझं काय राहिलंय? मला कळलं ना, पुरे झालं."

मी मान हलवली. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले.

संध्याकाळी आम्ही दोघे दूध आणायला उतरलो. खालचे शेजारी जिन्यात भेटले. "काय हो, झोप पुरी झाली का?" मामा नेहमीसारखाच हसून म्हणाला, "झाली की, चांगली पंधरा दिवसांची!" हेच तो आधीही म्हणायचा. पण आधी त्याला ते खरे वाटत होते.

सोमवार, ४ नोव्हेंबर

मामाने सही केलेला कागद माझ्या खिशात आहे. तो उठायच्या आधीच मी घरून निघालो.

मॅडमना सर्व्हरच्या खोलीत गाठले. पंख्यांचा आवाज होता, म्हणून मोठ्याने सांगावे लागले. हळू आवाजात कबूल करता आले असते तर बरे झाले असते. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. कोणते अक्षर, किती वाजता, हेही विचारले नाही. बहुधा त्यांचे डोके दुखत असावे. शेवटी कोपराने पसारा बाजूला केला आणि म्हणाल्या, "लिहून दे."

मी लिहिले. फाडलेले पान सोबत जोडले. त्यांनी वाचले. "पासवर्ड कोणी दिला ते लिहिलं नाहीस."

"तुमचं नाव कशाला, मॅडम? आणखी कशाला हात लावू नकोस म्हणाला होतात तुम्ही."

"लिही. आणि हेही लिही की, ओ आली नाही तर भोंग्याने ओरडायला हवं, गप्प बसता कामा नये. ते लावायचं राहिलं होतं माझ्याकडून. चार वर्षं." थोडे थांबून म्हणाल्या, "मलाही सोपं नव्हतं रे."

काय सोपे नव्हते, ते मला नीट समजले नाही. मी विचारले, "पण मॅडम, स्पेलिंग तर खरंच चुकलं होतं ना?"

"मशीनला स्पेलिंग नसतं. नाव असतं." आणि त्यांनी माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

मॅनेजर साहेबांनी दोनदा वाचले. चष्मा काढून डोळे चोळले. मला म्हणाले, "तू उद्यापासून येऊ नकोस. पुढचं मी कळवीन." मॅडमना म्हणाले, "तुमचं आपण नंतर बोलू." मग म्हणाले, "डुलकीशेठना बोलावून घ्या. गवगवा नको. झालं ते झालं."

मामाच्या सहीचा कागद मी घरी आणून त्याच्या हातात दिला.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मामा कालपासून माझ्याशी बोलत नव्हता. आज सकाळी साहेबांचा फोन आला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, झोपलो होतो ते अंगणात सगळ्यांपुढे सांगितलंत. जागा होतो ते फोनवर सांगता होय? ज्याने केलं त्याने तिथेच, सगळ्यांसमोर वाचायचं. मग येतो." आणि फोन ठेवला.

नंतर माझ्याकडे वळला. "दोन आठवडे! तुझ्या डोळ्यांसमोर चमचे वाजवत होती ती माझ्या मागे! काचेच्या खोलीत बसलो होतो मी माकडासारखा बोट वर करून! आणि तू बाहेर उभा! माझ्या हातचं खात होतास आणि मला माझ्याच डोक्याचा भरवसा उरला नव्हता, कळतं का तुला?"

त्याचा आवाज जिन्यात गेला असणार. मी उभाच राहिलो. मला वाटले, मामी त्याला थांबवेल. ती दारात उभी राहून ऐकत होती. तो बाहेर गेल्यावर म्हणाली, "ओरडू दे. पंधरा दिवसांत ह्या माणसाने कशावर आवाज चढवला नव्हता." मग माझ्यापुढे ताट ठेवले आणि आत निघून गेली. रोज शेजारी बसते.

बुधवार, ६ नोव्हेंबर

अकरा वाजता अंगणात सगळे जमले. त्याच जागी. ह्या वेळी मध्ये मी होतो. मामा इस्त्रीचा गणवेश घालून मागे, केबिनच्या पायरीवर उभा होता. मॅडम भिंतीला टेकून होत्या.

साहेब म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागलो. माझाच कागद, माझेच अक्षर. 'शनिवारी मी सहा तापमापकांच्या नावांतील स्पेलिंग सुधारले' ह्या वाक्याशी आलो आणि शेवटचा शब्द तोंडातून येईना. समोर पन्नास माणसे. मी 'बदलले' असे वाचले. पुढचे वाक्य होते, 'सोमवारी सकाळी मी नावे पूर्ववत केली.' तिथे पुन्हा अडकलो. शेवटी कागदावर नव्हते ते म्हणालो: "आणि लपवलं. माझा मामा झोपला नव्हता. मला माहीत होतं."

कोणी हसले नाही. मी घडी केलेला कागद साहेबांना दिला. तेव्हा तो भोंग्याच्या दिवशीचा हमाल पुढे झाला, डोके खाजवत म्हणाला, "मग डुलकीशेठ, आता तुम्हाला हाक काय मारायची?"

"नाव आहे मला," मामा म्हणाला. "ते घे."

माणसे पांगली. मामाने केबिनमध्ये जाऊन रजिस्टर उघडले, घड्याळात पाहिले आणि वेळ लिहिली. मी दाराशी उभा राहिलो. बोलायचे ठरवून आलो होतो ते एकही वाक्य जमले नाही. एवढेच विचारले, "मामा, मी थांबू का? सोबत जाऊ."

त्याने वर पाहिले नाही. "माझी ड्यूटी सातपर्यंत आहे. तू हो पुढे."

मी फाटकाबाहेर पडलो. वीस-पंचवीस पावले गेलो असेन, तेवढ्यात मागून माझ्या नावाने हाक आली. पंतोजी नाही, नाव. मी वळलो. मामा केबिनच्या खिडकीतून बाहेर वाकला होता.

"मामीला सांग."

"काय?"

"जागा आहे म्हणावं."